पित्त आणि मज्जा
(वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



वर्षावासातील व्याख्यानमालेत आजाराचा विषय कशाला, असा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत निघाला होता. मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि माझी पदवी मराठी व पाली या विषयांची. तथापि विषय धम्माबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. महासतिपट्ठान सुत्तात शरीराच्या घटकांची जी यादी येते, केस, लोम, नखे, दात अशी, तिच्यात पुढे 'अट्ठिमिञ्ज' म्हणजे हाडातला मगज आहे आणि आणखी पुढे 'पित्त' आहे. महाविद्यालयात ही यादी मी गुणांसाठी पाठ केली होती. २०२२ साली माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना या विहारात लहानथोर सगळेच दाजी म्हणत, त्यांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला आणि तो हाडांच्या मज्जेत पसरला, तेव्हा त्या यादीतले हे दोन शब्द एकाच माणसाच्या फाईलमध्ये मला वाचावे लागले. त्या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आपल्यासमोर ठेवतो.

प्रथम पित्तनलिका म्हणजे काय ते पाहू. पित्त यकृतात तयार होते. यकृताच्या आत झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक नळ्या असतात, त्या एकत्र येत येत एक मोठी नळी होते आणि ती लहान आतड्यात उघडते. वाटेत पित्ताशयाची पिशवी तिला जोडलेली असते. या नळ्यांच्या आतल्या अस्तराचा कर्करोग तो पित्तनलिकेचा कर्करोग. पित्ताशयाचा कर्करोग वेगळा. तो आपल्या देशात गंगेच्या खोऱ्यात, बिहार-उत्तर प्रदेशाकडे, जास्त आढळतो. दोन्हींची गल्लत पुष्कळ होते.

नळी तुंबली की पित्त रक्तात मिसळते आणि कावीळ होते. इथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडे घोटाळा इथूनच सुरू होतो. कावीळ हे लक्षण आहे, एकच एक आजार नव्हे. दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात रुग्णाने माळ घातली असेल तर श्रेय माळेला, आणि चुन्याच्या पाण्यात हात धुतले असतील तर श्रेय त्या हात धुणाऱ्या बुवाला. ती माळ वाढत जाते कारण तिच्या काड्या वाळतात आणि गाठी सैल होतात. पाणी पिवळे होते कारण हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, त्याचा चुन्याशी संयोग होऊन रंग येतो. काविळीचा त्याच्याशी संबंध नाही. निरोगी माणसाच्या हातालाही तोच रंग येतो, ज्याला शंका असेल त्याने करून पाहावे. नळी तुंबून झालेली कावीळ मात्र उतरत नाही, चढत जाते. तिची ओळख म्हणजे शौचाचा रंग मातीसारखा पांढुरका होतो, कारण शौचाला रंग देणारे पित्त आतड्यात पोहोचतच नाही. लघवी गडद होते आणि अंगाला रात्ररात्र खाज सुटते. अशी कावीळ पोट न दुखता, ताप नसताना उतारवयात आली तर ती अधिक गंभीरपणे घ्यावी, असे मला डॉक्टरांनी सांगितले. दाजींच्या आईने त्यांना माळ घातली. म्हाताऱ्या बाईचा जीव, तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण पाच आठवडे त्या माळेत गेले.

आता हा आजार जगात सर्वांत जास्त कुठे होतो, तर एका बौद्ध देशात. थायलंडच्या ईशान्येकडील प्रदेशाला 'ईसान' म्हणतात. शब्द आपल्याला ओळखीचा वाटेल, तो संस्कृत 'ईशान' यावरूनच गेलेला आहे. पठारी मुलूख, भातशेती, गरिबी, आणि गावोगावी विहार. या ईसानमधील खोन केन प्रांतात पित्तनलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक नोंदले गेले आहे. आपल्याकडे जो आजार एखाद्या तालुक्यात क्वचित ऐकू येतो तो तिथे घरोघर माहीत आहे.

कारण काय? कारण आहे जेवणाच्या ताटात. गोड्या पाण्यातील लहान मासे कच्चेच बारीक चिरून त्यात लिंबू, मिरची, पाला घालून 'कोई प्ला' नावाचा पदार्थ करतात. शेतात काम करणाऱ्याला चूल पेटवायला वेळ नसतो, मासा तळ्यात फुकट मिळतो, आणि चव पिढ्यान् पिढ्यांची. त्या माशाच्या मांसात एका चपट्या, पानासारख्या जंताची अळी असते. शास्त्रीय नाव ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी. पोटात गेल्यावर अळी पित्तनलिकेत चढते, तिथे सेंटीमीटरभराच्या आतबाहेर वाढते आणि वर्षानुवर्षे, दहा-दहा वर्षेसुद्धा, तिथेच राहते. तिची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची विष्ठा पावसाने तळ्यात जाते. तिथे एक छोटी गोगलगाय ती अंडी गिळते. गोगलगायीतून नवी अळी बाहेर पडून माशात शिरते. मासा पुन्हा माणसाच्या ताटात. कुत्री-मांजरेही या चक्रात आहेत. नळीच्या अस्तराला सतत इजा व सूज राहिल्याने काहींना वीस-तीस वर्षांनी कर्करोग होतो. जंत असलेल्या प्रत्येकाला होत नाही, बहुतेकांना होतच नाही. पण ज्याला होतो त्याला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंताची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या कारणांत केली.

लिंबाने मासा 'शिजतो' आणि सोबतच्या दारूने जंत मरतो, अशी तिथली समजूत आहे. दोन्ही खोटे. मासा नीट शिजवला की अळी मरते, एवढेच खरे. जंत मारणारी प्राझिक्वांटेल ही गोळीही उपलब्ध आहे आणि स्वस्त आहे. पण गोळी मिळते म्हणून लोक पुन्हा कच्चा मासा खातात, पुन्हा गोळी घेतात. औषधच सवयीचा परवाना होऊन बसते. आपल्याकडे मधुमेहाची गोळी घेऊन जिलेबी खाणारे आहेत, त्यांनी ईसानच्या शेतकऱ्याला हसू नये.

खोन केन विद्यापीठातील शल्यविशारद डॉ. नारोंग खुन्तिकेओ यांचे आईवडील दोघेही याच कर्करोगाने गेले. खेड्यातल्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि मग कळावे की आईबापांना मारले ते रोजच्या जेवणाने! त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ पासून गावोगाव सोनोग्राफीची यंत्रे नेऊन लोकांना तपासण्याचा मोठा कार्यक्रम चालविला आहे. त्याच विद्यापीठाचे डॉ. बान्चोब श्रीपा यांनी लावा नावाच्या तळ्याकाठच्या गावांत दुसऱ्या बाजूने काम केले. नुसती गोळी न देता शाळेतील मुले, आरोग्य स्वयंसेवक, ग्रामप्रमुख, कुत्री-मांजरे, मासे, गोगलगायी असे सगळे चक्रच त्यांनी विचारात घेतले. तिथल्या गावांत जंताचे प्रमाण सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास होते, ते काही वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपास आले. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण नष्ट करता येते, हे आपण दर पौर्णिमेला ऐकतो. लावा तळ्याच्या काठी ते लोकांनी गोगलगाय आणि शौचालय यांच्या भाषेत केले.

आपल्याकडे तो जंत ही अडचण नाही. आपण मासा कालवणात शिजवून खातो. त्यामुळे इथल्या रुग्णांत कारण बहुधा सापडत नाही. नळीतले खडे, नळीची जुनी सूज, जन्मजात फुगवटा, काविळीचे 'ब' आणि 'क' विषाणू ही काही ज्ञात कारणे आहेत, पण दाजींच्या बाबतीत त्यांपैकी एकही निघाले नाही. कामगार बंधूंसाठी एक गोष्ट मात्र सांगतो. जपानमध्ये ओसाका येथील एका छपाई कारखान्यात तरुण कामगारांना एकामागून एक हा कर्करोग झाल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले. यंत्राच्या रबरावरची शाई पुसायला ते जे द्रावण वापरत त्याची वाफ बंद खोलीत दिवसभर त्यांच्या नाकात जात असे. त्यातील डायक्लोरोप्रोपेन या रसायनाचीही २०१४ मध्ये निश्चित कर्करोगकारकांत नोंद झाली. कारखान्यात काय हुंगतो आहोत हे विचारण्याचा कामगाराला हक्क आहे, आणि ते विचारायला मरणाची वाट पाहू नये.

आता मज्जेकडे येतो. हा कर्करोग सामान्यतः आजूबाजूच्या लसिका ग्रंथी, यकृत, पोटाचे अस्तर, फुफ्फुस, हाडे इकडे पसरतो. मज्जेत पसरणे दुर्मिळ. मोठ्या माणसात रक्त तयार करणारी लाल मज्जा कमरेचे हाड, पाठीचे मणके, छातीचे हाड, बरगड्या यांत असते. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट या सगळ्यांचे ते शेत. त्या शेतात परके बी रुजले की पीक मागे पडते.

दाजींच्या नळीत जाळीची नळी बसवून कावीळ उतरवली गेली. यकृतात गाठी पसरलेल्या असल्याने शस्त्रक्रियेचा मार्ग बंद होता. मग जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही दोन औषधे सुरू झाली. या जोडीचा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ४१० रुग्णांपैकी एकच औषध घेणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य ८.१ महिने, दोन्ही घेणाऱ्यांचे ११.७ महिने. मध्यमान म्हणजे निम्मे त्याहून कमी जगले, निम्मे त्याहून जास्त. २०२२ मध्ये त्यात प्रतिकारशक्तीचे एक औषध जोडल्यावर आणखी महिना-सव्वा महिन्याचा फरक दिसला. विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या थोड्या रुग्णांसाठी २०२० पासून गोळ्याही आल्या आहेत. हे आकडे मी मुद्दाम सांगतो. नातेवाइकांच्या कानावर 'नवीन औषध आले आहे' एवढेच पडते. किती महिन्यांसाठी, हे कोणी विचारत नाही.

चौथ्या महिन्यात दाजींचे हिमोग्लोबिन उतरू लागले, प्लेटलेट उतरल्या. औषधाचा परिणाम असेल म्हणून औषध थांबवले. अशा वेळी रक्त दोन-तीन आठवड्यांत सावरते. ते सावरले नाही. रक्ताच्या थेंबात अर्धवट वाढलेल्या पेशी दिसू लागल्या, म्हणजे ज्या मज्जेतच राहायला हव्या त्या बाहेर ढकलल्या जात होत्या. मग कमरेच्या हाडातून, जागा बधिर करून, सुईने मज्जा काढून तपासली आणि तिच्यात पित्तनलिकेच्याच कर्करोगाच्या पेशींचे पुंजके सापडले.

त्या दिवसापासून नातलगांत एक शब्द पसरला, 'ब्लड कॅन्सर'. आणि त्याच्यामागोमाग दुसरा, 'बोन मॅरो बदलणे'. कोणी वर्तमानपत्रातील बातमी आणली, कोणी लाखांचा आकडा आणला, पुतण्यांनी शेत विकण्याची भाषा सुरू केली, आणि आपल्याच संस्थेत मदतनिधीची पावतीपुस्तके छापण्यापर्यंत गोष्ट गेली. हे सर्व प्रेमापोटी होते, याबद्दल शंका नाही. पण हा रक्ताचा कर्करोग नव्हता. रक्ताच्या कर्करोगात मज्जेतील पेशीच मुळात बिघडलेल्या असतात, म्हणून त्यांपैकी काही प्रकारांत मज्जा बदलून उपयोग होतो. इथे मूळ नळीत, यकृतात पसरलेले, मज्जा ही शेवटची जागा. मज्जा बदलली तरी बी येण्याचे थांबत नाही. उलट त्याआधी द्याव्या लागणाऱ्या जबर औषधांनी असा रुग्ण तिथेच दगावेल. डॉक्टरांनी हे पाच मिनिटांत समजावले. गावातील लोकांना समजवायला पंधरा दिवस लागले. बँकेत सोने तारण कर्जाच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात 'वैद्यकीय' हा शब्द मी रोज पाहतो. त्यांतले किती दागिने अशा न होणाऱ्या उपचारासाठी येत असतील, हे त्या अर्जावरून कळत नाही.

दाजींना हे सांगायचे की नाही, यावर घरात दोन तट पडले. मुलगा म्हणे, बाबा खचतील. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता आणि तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावून स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे. प्रवचनांतून आपण तो इथपर्यंतच सांगतो. परंतु महावग्गात त्यानंतर शुश्रूषा करणारा कसा असावा आणि रुग्ण कसा असावा याची लक्षणे दिली आहेत. शुश्रूषा करणाऱ्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळावे, त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-थुंकी-ओकारीची किळस बाळगू नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन स्थिर करावे. रुग्णाच्या लक्षणांत एक असे की त्याने आपला आजार जसा आहे तसा, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, सेवा करणाऱ्याला सांगावा. माझे मत असे की रुग्णावर खरे सांगण्याची जबाबदारी असेल तर ती एकतर्फी असू शकत नाही.

शेवटी माझ्या बहिणीने सांगितले. दाजी एस.टी.त कंडक्टर होते, आयुष्यभर पैसे मोजलेले. त्यांनी एवढेच विचारले, "शेत विकलं नाही ना?" नाही म्हटल्यावर ते झोपले. त्यानंतर ते दहा आठवडे जगले.

त्या दहा आठवड्यांत दोन गोष्टी लागल्या, वेदना थांबवणे आणि रक्त. हाडात शिरलेल्या कर्करोगाची कळ साध्या गोळीने थांबत नाही, मॉर्फिन लागते. ते मिळवण्यातील परवान्यांचा जाच कमी करण्यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरी लहान गावांत ते सहज मिळत नाही आणि 'मॉर्फिनने व्यसन लागते' म्हणून नातेवाईकच घाबरतात. ज्याच्याकडे दहा आठवडे आहेत त्याला व्यसनाची भीती घालणे मला तरी कळत नाही. ईसानमध्येच साकोन नाखोन प्रांतात वाट खाम प्रामोंग नावाचा विहार आहे. तिथले प्रमुख भिक्खू स्वतः कर्करोगातून गेलेले. शेवटच्या अवस्थेतील रुग्ण, त्यांत पित्तनलिकेचे पुष्कळ, तिथे कुटुंबासह राहतात आणि पैसे घेतले जात नाहीत. तिथे काढेही देतात. काढ्याने कर्करोग जातो असे मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटले तर मानणार नाही. पण रुग्णाजवळ रात्री कोणीतरी बसलेले असते, आणि आपल्या विहारांचे दरवाजे रात्री आठला बंद होतात.

राहिले रक्त. दाजींना आठवड्याला प्लेटलेट लागत आणि त्यासाठी भाचे रात्री फोन फिरवीत. आपण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिर घेतो, त्याचा सर्वांना अभिमान आहे. लाल पेशी शीतपेटीत सुमारे सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट मात्र पाचच दिवस. म्हणजे शिबिराच्या दिवशी शंभर जणांनी दिलेल्या रक्तातील प्लेटलेट सहाव्या दिवशीच्या रुग्णाला उपयोगाच्या नाहीत. तिथे शिबीर नको, यादी हवी. हाक मारली की त्या रात्री येणाऱ्या माणसांची. यंत्राने फक्त प्लेटलेट देता येतात, बाकी रक्त अंगात परत जाते, दीड-दोन तास लागतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा देता येतात, अर्थात आठवड्यात दोनदा व वर्षात चोवीस वेळांपेक्षा जास्त नाही. वय १८ ते ६०, हिमोग्लोबिन साडेबारा, आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेले नसावे. वजन व शिरा रक्तपेढीत तपासतात. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना हे सहज जमण्यासारखे आहे.

कार्यकारिणीने मंजूर केल्याप्रमाणे अशी एक वही केली आहे. नाव, रक्तगट, फोन आणि रात्री येता येईल की नाही, असे चार रकाने. ती बुद्धमूर्तीच्या डाव्या बाजूच्या टेबलावर ठेवली आहे. काल संध्याकाळपर्यंत तिच्यात अकरा नावे होती, त्यांतील ओ निगेटिव्ह एकच.

जयभीम. नमो बुद्धाय.